टक्के नको, युनिट सांगा: डीलरकडून जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना

मी कराडचा. १९८९ साली वीज मंडळात लाईनमन म्हणून लागलो आणि २०२३ साली महावितरणमधून प्रधान तंत्रज्ञ म्हणून बाहेर पडलो. लेक पुण्यात वारज्याला. महिन्यातून तीनदा तरी जाणं होतं आणि एसटीच्या पायऱ्या आता गुडघ्यांना झेपत नाहीत. म्हणून जुनी इलेक्ट्रिक गाडी बघायला निघालो. तीन डीलर, पाच गाड्या, दोन रविवार. चार गाड्या सोडल्या, पाचवी घेतली. त्यात काय बघितलं ते सांगतो. गाड्यांतलं मला फार कळत नाही, विजेतलं कळतं. पण या गाडीत निम्म्याहून जास्त किंमत विजेच्या सामानाचीच असते, त्यामुळे अडलं नाही.

डीलरकडं पाय ठेवला की पहिलं वाक्य ऐकू येतं, "काका, बॅटरी हंड्रेड परसेंट आहे." दुसरं वाक्य, "डॉक्टरांची गाडी आहे." पुण्यात विकायला उभी असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची नाहीतर आयटीतल्या मॅडमची असते. रिक्षावाल्याची, कंत्राटदाराची गाडी कोण विकतं कुणास ठाऊक.

घरातून निघण्याआधी एवढं पक्कं करा की तुम्हाला रोज किती पळायचंय, आणि समोरच्या गाडीत बॅटरी किती युनिटांची आहे. युनिट म्हणजे वीजबिलावरचंच युनिट, जाहिरातीत त्याला किलोवॅट-अवर (kWh) लिहितात. नाव एकच असलं तरी बॅटऱ्या वेगळ्या असतात. टाटाची नेक्सॉन २०२० च्या जानेवारीत आली ती ३०.२ युनिटांची. मे २०२२ मध्ये मॅक्स आली ती ४०.५ ची. जाहिरातीत नुसतं "नेक्सॉन ईव्ही २०२२" लिहिलेलं असतं, त्यात दोन्हीपैकी काहीही असू शकतं. टियागोत १९.२ आणि २४ अशा दोन आहेत. एमजीची झेडएस २०२० ला ४४.५ ची आणि २०२२ पासून ५०.३ ची. टॅक्सीवाल्यांसाठी निघालेली २०१९ च्या सुमाराची जुनी टिगोर तर वेगळीच वस्तू आहे. तिचं फास्ट चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं, आजच्या बहुतेक चार्जरांवर असतो तो सीसीएस-टू प्लग तिला बसतच नाही. स्वस्त दिसली म्हणून घेतली आणि हायवेवर चार्जरसमोर उभं राहिलं, की कुलूप एकाचं आणि किल्ली दुसऱ्याची असं होतं.

कंपनीच्या कागदावरचे किलोमीटर बाजूला ठेवा. ३०.२ च्या नेक्सॉनला कागदावर ३१२ किलोमीटर होते. मी शेवटी घेतली ती हीच, आणि मला मिळतात १९० च्या आसपास, एसी लावून, ऐंशीच्या वेगानं. माझा हिशेब सोपा आहे: एका युनिटला साडेसहा ते सात किलोमीटर. बॅटरीत खरोखर किती युनिट मावतात ते कळलं की पुढचं तोंडी गणित.

भावाचंही आधीच बघून ठेवा. डीलर सांगतो, "पहिल्या मालकानं सोळा लाखाला घेतली होती, तुम्हाला निम्म्यात देतोय." त्यानं कितीला घेतली याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. आज तीच गाडी नवी कितीला मिळते ते बघायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटानं नेक्सॉन ईव्हीच्या किमती एक लाख वीस हजारांपर्यंत उतरवल्या, त्याच वर्षी सणाच्या तोंडावर सुरुवातीचा भाव १२.४९ लाखांवर आणला. नव्याचा भाव उतरला की जुन्याचा त्याच दिवशी उतरतो, फक्त डीलर ते आपणहून सांगत नाही.

आता नंबरप्लेट. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते हे सगळ्यांना माहीत आहे. खाजगी गाडीवर अक्षरं पांढरी, भाड्याच्या गाडीवर पिवळी. मी बघितलेल्या दुसऱ्या गाडीची पाटी कोरी करकरीत होती, पांढरी अक्षरं, स्क्रूसुद्धा चकचकीत. बाकी गाडीचा रंग उन्हानं उडालेला आणि मागच्या सीटचं कापड दोन्ही कडांना घासून गुळगुळीत झालेलं. मागची सीट कोणाच्या घरच्या गाडीत एवढी झिजते? आरसीचा जुना इतिहास विचारला तर पोरगं म्हणालं, "आधी कंपनीच्या नावावर होती." कंपनी म्हणजे टॅक्सीची कंपनी. भाड्याची गाडी खाजगीत बदलून घेणं कायदेशीर आहे, त्यात लबाडी नाही. पण अशा गाडीनं दिवसातून दोनदा फास्ट चार्जर चोखलेला असतो आणि मीटरवर लाख-सव्वा लाख किलोमीटर असतात. बॅटरीची हमी सहसा आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल ते. टॅक्सीचे किलोमीटर आधी संपतात. भाड्याच्या वापराला हमीच्या अटीही वेगळ्या असू शकतात, ते त्या गाडीच्या कागदात वाचा. ती गाडी मी तिथंच सोडली.

युनिटांचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. ड्रायव्हरपुढच्या पडद्यावर दिसणारे टक्के म्हणजे आज जी बॅटरी उरली आहे तिचे टक्के. घागर लहान झाली तरी काठोकाठ भरली की ती भरलेलीच दिसते. तिच्यात पाणी किती मावतं ते कळायला मापानं ओतून बघावं लागतं. माप म्हणजे युनिट. चौतीस वर्षं मी लोकांच्या दारावरची मीटरं बघितली, त्यामुळे टक्क्यांवर माझा विश्वास बसत नाही.

करायचं असं. गाडी वीस-पंचवीस टक्क्यांवर असताना जवळच्या फास्ट चार्जरवर न्या. डीलर कुरकुर करेल, पण त्याच्या आवारात बहुतेक वेळा साधा प्लगच असतो, त्यामुळे गाड्या तशाही अर्धपोटीच उभ्या असतात. चार्जरला लावताना टक्के वहीत लिहा, ऐंशीला थांबवा आणि चार्जरच्या पडद्यावर किंवा ॲपच्या पावतीवर किती युनिट गेले ते लिहा. पैसे आपण द्या, तीन-चारशे रुपयांसाठी तोंड वाईट करू नका. मग युनिटांना वाढलेल्या टक्क्यांनी भागा आणि शंभरानं गुणा.

तिसरी गाडी: २५ वरून ८० वर नेली. पंचावन्न टक्के वाढले, युनिट गेले १२.९. म्हणजे पूर्ण घागर साडेतेवीस युनिटांची. मूळची ३०.२. पाचव्या हिश्श्याहून जास्त गेलेलं, आणि डीलर "बॅटरी हंड्रेड परसेंट" असं ऐटीत सांगत होता. पाचवी गाडी, जी घेतली ती: २२ वरून ८०, अठ्ठावन्न टक्क्यांना १६.१ युनिट. म्हणजे २७.८. पाच वर्षांच्या गाडीला हे चांगलंच म्हणायचं.

यात दोन खोचा आहेत. चार्जर मोजतो त्यातले थोडे युनिट बॅटरी थंड ठेवण्यात जातात, त्यामुळे आकडा किंचित फुगलेला येतो. कडक उन्हात जास्त. आणि दुसरं, नेक्सॉनसारख्या गाड्यांत जी लोह-फॉस्फेट बॅटरी असते, तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे गाडीच्या संगणकालाच नेमके टक्के कळत नाहीत, बरेच दिवस पूर्ण चार्ज केली नसेल तर अंदाज आणखी घसरतो. यावर उपाय म्हणजे बघायला जाण्याच्या एकदोन दिवस आधी डीलरला साध्या प्लगवर ती शंभरापर्यंत भरायला सांगायचं आणि मग वापरून उतरवायची. माझ्या गाडीला डीलरनं ते केलं. तिसऱ्या गाडीवाल्यानं केलं नव्हतं. कदाचित त्या गाडीवर मी थोडा अन्यायही केला असेन. पण पैसे माझे होते.

याच्या जोडीला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या तब्येतीचा छापील अहवाल मागा. त्यात सेलचे व्होल्टेज असतील तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा किती लांब आहेत ते बघा. एक सेल पाठीमागे पडला की सगळी माळ त्याच्या चालीनं चालते. डीलर स्वतःचा यंत्रावरचा अहवाल दाखवेल, तो बघावा, पण त्यावर भागवू नये.

चालवून आणि खाली वाकून

टेस्ट ड्राइव्हला रेडिओ बंद, काचा वर. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खालचा खुळखुळाट सगळा ऐकू येतो, हा या गाडीचा मोठा फायदा. मी कात्रजच्या चढाला नेली. चढताना ताकद एकसारखी मिळते का, उतरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी ओढून धरते का, हे बघायचं. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती ओढ कमी लागते, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. तो बिघाड नाही.

एसी पूर्ण लावून बघा. गार हवा मिळते का एवढ्यापुरतं नाही. पुष्कळ गाड्यांत बॅटरी थंड करायला तीच गॅसची व्यवस्था वापरतात. एसी कमजोर असेल तर उन्हाळ्यात फास्ट चार्जिंगही रडतं.

मग लिफ्टवर चढवायला लावा. बॅटरीचा डबा गाडीच्या पोटाला असतो. नुसते ओरखडे चालतील, पण पोचा असेल, कडेला नवा रंग मारलेला असेल, बोल्टवर पाना चाललेला दिसत असेल तर विचारा. ब्रेकच्या चकत्यांवर थोडा गंज असतो, कारण या गाड्यांत ब्रेक कमी वापरला जातो. टायर मात्र लवकर झिजतात, वजन जास्त असल्यामुळे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला तिसरा संच टायर असेल तर मीटर खोटं बोलत असेल. सर्व्हिसच्या नोंदींशी किलोमीटर ताडून बघाच.

आणि पाणी. जुलै २०२१ चं चिपळूण, त्याच महिन्यातलं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडची एकतानगरी. या पुरांत बुडालेल्या गाड्या कुठंतरी गेल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. पुढच्या सीटखाली हात घालून रुळांवरचा गंज बघा, गालिचा उचलून वास घ्या. चौथी गाडी मी याच वासावर सोडली. विक्रेता म्हणाला, "काका, परफ्यूम सांडलाय." सांडला असेल. ओतलाही असेल.

गाडी सुरूच होत नसेल तर घाबरू नका. या गाड्यांतसुद्धा साधी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि आवारात महिना-महिना उभी राहिली की ती मरते. ती नवी बसवून घ्या, डीलरच्या खर्चानं.

आता डिकी उघडा. गाडीबरोबर आलेला पंधरा ॲम्पियरचा चार्जर आहे का? तो वेगळा घ्यायला गेलात तर खिशाला चांगली झळ बसते. असेल तर त्याची थ्री-पिन हातात घेऊन बघा. पिन काळपट झाली असेल, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, तर पहिल्या मालकाच्या घरी सॉकेट सैल होतं आणि प्लग तासन्‌तास तापत होता. माझ्या गाडीच्या चार्जरला असंच होतं, मी त्यावर पाच हजार कमी करून घेतले आणि पिन बदलायचं काम कंपनीच्या सेंटरकडून करून घेतलं. स्वतः कापून नवी पिन लावू नका. मला येत होतं, तरी मी लावली नाही, कारण त्यात तापमान ओळखणारी तार असू शकते आणि हमीचाही प्रश्न येतो.

कागद आणि पैसे

हमी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी घ्या. नुसतं "होते काका" नको. काही नव्या गाड्यांना "आयुष्यभराची" बॅटरी हमी म्हणून जाहिरात होते, पण ती पहिल्या मालकापुरती असते. महिंद्राच्या बीई ६ ला दुसऱ्या खाजगी मालकासाठी ती दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटरवर येते. बॅटरी किती टक्क्यांखाली उतरली तर बदलून मिळणार आणि सर्व्हिस चुकवली असेल तर काय, या दोन ओळी शोधून वाचा. एमजी विंडसर घेत असाल तर आणखी एक विचारा. ती बॅटरी भाड्यानं घेण्याच्या योजनेतही विकली गेली आहे. गाडी एकाची आणि बॅटरीचे हप्ते दुसरीकडं, असा प्रकार असेल तर त्या करारातून मोकळी झाल्याचा दाखला आधी, पैसे नंतर.

डीलरकडं आरटीओचं अधिकारपत्र आहे का बघा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते घ्यावं लागतं, आणि मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. ही नोंद असेल तर मधल्या काळातल्या भानगडींना डीलर जबाबदार. नसेल तर तुम्ही प्रत्यक्षात अनोळखी मालकाकडून गाडी घेताय आणि मध्ये उभा असलेला माणूस नुसता दलाल आहे, एवढं समजून वागा.

मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही, आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र, थकलेले ई-चलन, विम्यावर पूर्वी घेतलेले क्लेम. हे सगळं नेहमीच्या गाडीसारखंच आहे, लांबवत नाही. गाडीची मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. जुना फास्टॅग काढून टाका, नवा लावा.

इथं मला एकानं गंडवायचा प्रयत्न केला, ते सांगितलंच पाहिजे. ठरलेल्या भावावर तो म्हणाला, "काका, अठरा टक्के जीएसटी वेगळा." सात लाखांवर अठरा टक्के म्हणजे सव्वा लाख! डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर बारावरून अठरा केला हे खरं आहे. पण तो डीलरच्या नफ्यावर लागतो. त्यानं साडेसहाला घेऊन सातला विकली तर मधल्या पन्नास हजारांवर. पूर्ण किमतीवर नाही. भाव ठरवतानाच "सगळ्या करांसह" असं कागदावर लिहून घ्या आणि पक्कं बिल मागा. मी हे बोलल्यावर तो पोरगा मालकाला फोन लावतो म्हणून बाहेर गेला, आणि आला तेव्हा जीएसटीचा विषय निघालाच नाही.

माझ्या गाडीला ८ लाख १० हजार मागितले होते. युनिटांची वही, चार्जरची पिन आणि दोन झिजलेले टायर दाखवून ७ लाख ३५ ला ठरली. टोकन पंचवीस हजार, आणि पावतीवर लिहून घेतलं की सर्व्हिस सेंटरचा बॅटरी अहवाल बरोबर नसेल तर टोकन परत. बाकी रक्कम डीलरच्या फर्मच्या खात्यावर, कुणा पोराच्या फोननंबरवर नाही. तीस हजार आरसी नावावर होईपर्यंत राखून ठेवले. त्यामुळे काम वेळेत झालं.

गाडी ताब्यात घेताना मोबाईलच्या ॲपमधून जुन्या मालकाचं नाव काढून आपलं घालायला लावा. माझ्याकडून हे दोन आठवडे राहिलं. तेवढे दिवस माझी गाडी कुठं उभी आहे ते पुण्यातल्या कुणा भल्या माणसाला दिसत होतं. शेवटी त्यांनीच डीलरमार्फत निरोप दिला, "काका, तुमची गाडी रोज रात्री मला नोटिफिकेशन पाठवते." आणि हो, ते खरंच डॉक्टर निघाले.

घरी येताना पुण्यात पूर्ण भरली, खंबाटकी चढलो, साताऱ्याजवळ चहापुरती चार्जरला लावली आणि कराडला पोचलो. रात्री गाडी दारात लावून चार्जर जोडला. आधीच वेगळी लाईन ओढून ठेवली होती: चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जादा भार आला की तुटणारा स्वतंत्र एमसीबी, आणि वीज गळली की तोडणारा आरसीसीबी. घराचा मंजूर भारही वाढवून घेतला होता, कारण ही गाडी आठ-नऊ तास सलग सव्वातीन किलोवॅट खाते. गिझर असा रात्रभर चालत नाही. सगळं नीट होतं. बटण दाबलं आणि चार्जरवर लाल दिवा. अर्थिंग फॉल्ट.

मी मीटर काढलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चौदा व्होल्ट. चौतीस वर्षं लोकांना अर्थिंग नीट करा म्हणून सांगत फिरलो, आणि माझ्या घराचा अर्थिंगचा खड्डा केव्हा कोरडा पडला होता कुणास ठाऊक. ही ओट्यावरून बघत होती. एक शब्द बोलली नाही, आत जाऊन मिठाची पिशवी आणली आणि पाण्याची बादली माझ्यापुढं ठेवली. खड्डा उकरला, गंजलेली क्लॅम्प घासून आवळली, कोळसा-मीठ घालून चार बादल्या ओतल्या. साडेदहाला मीटरनं दोन व्होल्ट दाखवले आणि दिवा हिरवा झाला. आता तुळशीला पाणी घालताना एक तांब्या खड्ड्यातही जातो, ते काम तिनं माझ्याकडं दिलंय.